वाफेला दुसरी आंच

गेल्या महिन्यांत अकोल्याहून एका भगिनीचें पत्र आलें. पत्र लांब आहे, पण त्यांतील मुद्दे दोनच. त्यांच्या धाकट्या चिरंजिवानें एका वहींत आगगाडीच्या एंजिनाची आकृति काढली आहे. तींत बॉयलरमधून निघालेली वाफ सरळ कामाला न लागतां पुन्हां आगीच्या नळ्यांत शिरते आणि तेथून तापून आल्यावर मग चाकें फिरविते, असें दाखविलें आहे. बाई विचारतात, “पाण्याची एकदां वाफ झाली, मग तिला पुन्हां विस्तवांत घालण्याचें प्रयोजन काय? मुलाला विचारलें तर म्हणतो, त्यानें कोळसा वांचतो. हें खरें आहे काय?” हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न पत्राच्या अखेरीस जरा बारीक अक्षरांत लिहिला आहे. मुलगा यंदा दहावी उत्तीर्ण झाला. त्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत जाऊन फिटरचें काम शिकावयाचें आहे. घराण्यांत तीन पिढ्या वकिली, शिक्षकी आणि सरकारी नोकरी झालेली. “आमच्या घरचा मुलगा हातांत कानस घेऊन बसणार काय?” असें म्हणून आजोबा दोन दिवस कोणाशीं बोलले नाहींत. “अशा वेळीं आम्ही काय करावें?” असा बाईंचा प्रश्न आहे.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्ही सविस्तर देतों. दुसऱ्याचें उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे याची आम्हांसच शंका वाटते. तथापि पहिल्याच्या ओघांत त्याविषयीं कांहीं हातीं लागतें काय तें पाहूं.

आरंभ स्वयंपाकघरापासूनच करावा. गणेशचतुर्थीस मोदकपात्र आंचेवर चढतें. आधण खळखळूं लागलें म्हणजे झांकणाच्या कडेनें जें पांढरें बाहेर येतें, त्यास आपण वाफ म्हणतों. वास्तविक ती वाफ नव्हे. खरी वाफ हवेसारखीच अदृश्य असते. बाहेरच्या थंड हवेंत येऊन तिचे सूक्ष्म थेंब बनले, म्हणजे तें पांढरें धुकें आपल्या दृष्टीस पडतें. उकळत्या किटलीच्या तोटीकडे नीट पाहिलें तर तोंडाशीं बोटभर जागा रिकामी दिसते व पांढरेपणा तिच्यापुढें सुरू होतो. खरी वाफ आहे ती त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेंत. तेथें बोट मात्र कोणीं नेऊं नये.

आतां मोदकपात्राचें झांकण उचला. त्याच्या आंतल्या अंगास पाणी सांचलेलें असतें, आणि तें मोदकांवर ओघळूं नये म्हणून सुगरण गृहिणी झांकण तिरपें करून झटकन् बाजूस नेते. हें पाणी आलें कोठून? वाफ थंड धातूला लागली आणि तिचें पुन्हां पाणी झालें, एवढाच त्याचा अर्थ. पण या साध्या घटनेंत मोठा व्यवहार झालेला असतो. बर्फाइतकें गार पाणी उकळीस आणण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या पांचपटींहून अधिक उष्णता तेंच उकळतें पाणी वाफेंत पालटण्यास खर्चावी लागते. झांकणावर बसलेल्या प्रत्येक थेंबानें ती सारी उष्णता धातूस देऊन टाकलेली असते. मोदकाच्या बाबतींत त्यानें कांहीं बिघडत नाहीं. मोदक शिजतो तोच मुळीं वाफेच्या या औदार्यामुळें! परंतु एंजिनांत हाच प्रकार घडला तर तो निव्वळ तोटा होय.

आणि एंजिनांत तो घडतोच. आगगाडीच्या एंजिनाची रचना थोडक्यांत अशी. मागच्या बाजूस अग्निपेटी. तिच्यापुढें पाण्यानें भरलेला लांबट बॉयलर. त्या पाण्यांतून आरपार गेलेल्या शंभर-दोनशें नळ्या. आगीचे ऊन वायु या नळ्यांतून पुढें जातात व भोंवतालचें पाणी तापवितात. पुढच्या टोकास धूरपेटी व तिच्यावर धुरांडें. पाण्याच्या वर जमलेली वाफ एका नळानें खालच्या नळकांड्यांत येते, आंतील दट्ट्यास रेटते, आणि दट्ट्या आपल्या दांड्यानें चाक फिरवितो. काम संपलें कीं ती वाफ धुरांड्यांतून भकभक करीत निघून जाते, आणि जातां जातां धूरपेटींतील वायु ओढून नेऊन आगीस वारा घालते. हा भकभकाट केवळ आवाज नव्हे; एंजिनाचा भाता तोच.

बॉयलरांत दर चौरस इंचास १८० पौंड दाब असला तर वाफेची उष्णता सुमारें १९० अंश सेंटिग्रेड असते. दट्ट्या रेटतांना ती पसरते व निवते. बाहेर पडते वेळीं ती शंभरापेक्षां फारशी वर नसते, आणि जातांना नळकांड्याच्या भिंतीही गार करून जाते. लागलीच नवी वाफ आंत येते. ती या निवलेल्या भिंतींना लागते आणि मोदकपात्राच्या झांकणावर जें घडतें, तेंच येथें घडतें. येणाऱ्या वाफेचा मोठा हिस्सा, कित्येकदां चवथा किंवा त्याहूनही अधिक, दट्ट्यास धड हात लावण्यापूर्वींच पाणी होऊन बसतो. याचें कारण असें कीं, पाण्याच्या सान्निध्यांत असलेली वाफ ही नेहमीं पाणी होण्याच्या उंबरठ्यावरच उभी असते. शास्त्रज्ञ तिला संपृक्त वाफ म्हणतात. तिच्यापासून किंचितही उष्णता काढून घेतली कीं तिचा कांहीं अंश पाणी झालाच.

मग उपाय काय? वाफेला उंबरठ्यापासून दूर न्यावयाचें. पण ती पाण्यास लागून आहे तोंवर तिला कितीही आंच द्या, ती आंच आणखी पाण्याची वाफ करण्यांतच जाते. म्हणून प्रथम तिला पाण्यापासून वेगळी करावयाची, निराळ्या नळींत घ्यावयाची, आणि मग पुन्हां विस्तव दाखवावयाचा. अशा रीतीनें तिला ३००–३५० अंशांपर्यंत नेलें म्हणजे तिच्या गांठीं शंभर-दीडशें अंशांची शिल्लक राहते. नळकांड्याच्या भिंतीनें कांहीं उष्णता घेतली तरी वाफ शिल्लकेंतून देते. पाणी होत नाहीं. हिलाच अतितप्त वाफ म्हणतात.

दुसराही एक लाभ आहे. दाब तोच राहूं देऊन वाफ १९० अंशांवरून ३५० अंशांवर नेली, तर तिचें आकारमान सुमारें दोन-पंचमांशानें वाढतें, आणि या वाढीसाठीं जी नवी उष्णता लागते ती मूळ खर्चाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकीच. म्हणजे तेंच नळकांडें भरावयास आतां कमी वजनाची वाफ पुरते. वाफ कमी म्हणजे पाणी कमी, आणि पाणी कमी म्हणजे तें उकळण्याचा कोळसा कमी. तेव्हां बाईंच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, चिरंजिवांचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. फक्त त्यांनीं आईला अर्धेंच सांगितलें. कोळसा तर वांचतोच, पाणीही तितकेंच वांचतें.

इतकी साधी गोष्ट लोकांना आधीं सुचली नव्हती काय? सुचली होती. इंग्लंडांत रिचर्ड ट्रेव्हिथिक यानें १८२८ च्या सुमारास कॉर्नवॉलमधील एका खाणीवरच्या एंजिनास बाहेरून आंच देऊन पाहिली व कोळसा वांचलेला त्यास आढळला. आल्सेस प्रांतांत गुस्ताव्ह अडॉल्फ हिर्न या पदार्थविज्ञानवेत्त्यानें १८५० नंतरच्या दशकांत एका कापसाच्या गिरणीच्या एंजिनावर पद्धतशीर मापें घेऊन अतितप्त वाफेचा लाभ सिद्ध केला. परंतु गिरणीचें एंजिन एका जागीं बसलेलें असतें. त्याला जागा आहे, वेळ आहे, देखरेख आहे. रुळांवर साठ मैलांच्या वेगानें धांवणाऱ्या, धक्के खाणाऱ्या, धुळीनें व राखेनें माखणाऱ्या एंजिनांत तीच कल्पना उतरविणें हें काम निराळें. अनेकांनीं धूरपेटींत वाफ थोडीशी वाळवून पाहिली, पण थोडीशी वाळवून लाभही थोडासाच होई व भानगड मात्र पुष्कळ होई. त्यामुळें पुस्तकांत मान्य असलेली ही गोष्ट जवळजवळ अर्धें शतक रुळांवर आली नाहीं.

ती आणली विल्हेल्म श्मिट या जर्मन गृहस्थानें. त्याचा जन्म १८५८ सालचा, वेगेलेबेन या लहानशा गांवचा. तो ‘श्लोसर’ म्हणून तयार झाला होता. या जर्मन शब्दाचा मूळ अर्थ कुलुपें करणारा. आणि तोच शब्द कारखान्यांत लोखंडी भाग कानसून, जुळवून बसविणाऱ्या कारागिरासही लावतात. आपल्याकडे आज त्या माणसास फिटर म्हणतात. बाईंनीं हें वाक्य आजोबांना वाचून दाखवावें किंवा न दाखवावें, हें त्यांच्यावर सोंपवितों.

श्मिटनें प्रथम गिरण्यांच्या एंजिनांत ३५० अंशांची वाफ वापरून दाखविली. मग त्यानें रेल्वेचें दार ठोठावलें. तें उघडलें रॉबर्ट गार्बे यानें. गार्बे हा प्रशियाच्या सरकारी रेल्वेंत बर्लिन येथें एंजिनांच्या रचनेचा अधिकारी होता. वयानें श्मिटहून अकरा वर्षांनीं वडील. त्या काळीं एंजिनांत काटकसर करण्याचा प्रतिष्ठित मार्ग दुसराच होता. एका नळकांड्यांत काम केलेली वाफ दुसऱ्या मोठ्या नळकांड्यांत नेऊन तिच्याकडून पुन्हां काम घ्यावयाचें, अशी ती जोड-एंजिनाची पद्धति. जर्मनींत व फ्रान्सांत मोठमोठे अभियंते तिचे पुरस्कर्ते होते, आणि तीं एंजिनें चालतही उत्तम. अशा वेळीं एका कुलूपकाराच्या कल्पनेवर सरकारी पैसा व स्वतःचें नांव लावणें हा गार्बेच्या दृष्टीनें लहान जुगार नव्हता.

१८९८ सालीं दोन एंजिनें तयार झालीं. एक स्टेटिनच्या व्हल्कन कारखान्यांत, दुसरें कॅसेलच्या हेन्शेल कारखान्यांत. बॉयलरच्या पोटांत एक मोठा रुंद नळ बसवून त्यांतून आगीच्या ज्वाळा न्यावयाच्या, आणि त्याच नळांत वाफेच्या बारीक नळ्यांचा जुडगा ठेवावयाचा, अशी त्यांची योजना होती. वाफ खरोखरच तापली. एंजिनांनीं ओढही चांगली दाखविली. पण रोजच्या नोकरींत तीं टिकेनात. मोठा नळ एका मापानें प्रसरण पावे, शेजारच्या लहान नळ्या दुसऱ्या मापानें; सांधे ढिले होऊन पाणी झिरपे. राख आंत सांचून बसे. आणि सर्वांत मोठी अडचण वंगणाची. संपृक्त वाफ मुळांतच ओलसर. ती घासणाऱ्या भागांना जणूं स्वतःच थोडें वंगण पुरवी. अतितप्त वाफ कोरडी ठणठणीत. चरबीचें व वनस्पतींचें जुनें तेल तिच्या आंचेंत जळून कोळसा होई, दट्ट्याच्या दांड्याभोंवतीं घट्ट बसविलेलें भरण करपे, आणि चपट्या झडपा घासून खराब होत. अशा स्थितींत बाहेरून पाहणाऱ्यास “आम्ही म्हणतच होतों!” हें वाक्य उच्चारण्याची उत्तम संधि होती.

श्मिट व गार्बे यांनीं मात्र कल्पना टाकली नाहीं; एकेक दोष निरनिराळा करून पाहिला. तेल जळतें, तर उंच तपमान सोसणारें खनिज तेल घ्या व तें दाबानें थेट आंत पोंचवा. चपटी झडप घासते, तर गोल दट्ट्यासारखी झडप बसवा. भरण करपतें, तर तें धातूचें करा. राहिला तो रुंद नळ. तो काढून त्यांनीं तापविण्याचें सामान धूरपेटींत हलविलें. या दुसऱ्या रचनेचें एंजिन १९०० सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत मांडलें होतें. तें पहिल्यापेक्षां पुष्कळ बरें चाललें. परंतु सामान जड, महाग आणि साफ करण्यास त्रासाचें होतें. अखेर १९०१ सालीं बेल्जियमच्या सरकारी रेल्वेंत, जां-बाप्तिस्त फ्लाम या अभियंत्याच्या हाताखालीं, तिसरी रचना रुळांवर आली. तींत बॉयलरच्या नेहमींच्या नळ्यांपैकीं वरच्या कांहीं रांगा काढून त्या जागीं पांचएक इंच रुंदीचे नळ घातले. प्रत्येक नळांत वाफेची बारीक नळी शिरून मागें अग्निपेटीच्या जवळपर्यंत जाते, वळते, परत येते, पुन्हां एकदां तीच फेरी करते आणि मग नळकांड्याकडे जाते. एकच मोठा नळ नको, पुष्कळ लहान नळ हवेत, सामान एके ठिकाणीं नको, विभागून हवें, एवढाच फरक. पण त्यानें प्रसरणाची, गळतीची व साफसफाईची अडचण एकदमच सुटली. बाईंच्या चिरंजिवांनीं वहींत काढलेली आकृति आमच्या मतें याच तिसऱ्या रचनेची आहे.

पुढचा इतिहास विजयाचा आहे. प्रशियांत १९०६ सालीं गार्बेच्या देखरेखीखालीं ‘पी-८’ नांवाचें अतितप्त वाफेचें प्रवासी एंजिन निघालें. त्या जातीचीं तीन हजारांहून अधिक एंजिनें बांधलीं गेलीं आणि त्यांतील कांहीं १९७० नंतरही चालत होतीं. इंग्लंडांतील एक प्रसंग तर आमच्या वऱ्हाडच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १९०९ सालीं तेथील दोन रेल्वे कंपन्यांनीं एकाच गाडीवर आळीपाळीनें आपापलीं एंजिनें लावून पाहिलीं. एक मोठ्या कंपनीचें, निराळा टेंडर जोडलेलें, साध्या वाफेचें. दुसरें ब्रायटनकडील कंपनीचें, आपल्याच अंगावर पाणी बाळगणारें लहानसें टाकीचें एंजिन, पण अतितप्त वाफेचें. साध्या वाफेच्या एंजिनानें दर मैलास सुमारें ४१ पौंड कोळसा व ३६ गॅलन पाणी घेतलें. लहान एंजिनानें २७ पौंड कोळसा व २२ गॅलन पाणी. दोन हजारांहून किंचित् अधिक गॅलन पाण्याच्या टाकीवर तें ईस्ट क्रॉयडनहून रग्बीपर्यंत, म्हणजे सुमारें ९० मैल, मध्यें पाणी न घेतां गेलें. त्या मोठ्या कंपनीनें पुढच्याच वर्षीं आपलीं नवीं एंजिनें अतितप्त वाफेचीं करावयास आरंभ केला.

नव्वद मैल म्हणजे किती, हें अकोल्याच्या माणसास वेगळें सांगावयास नको. अकोल्याहून भुसावळ सुमारें ८७ मैलांवर आहे. वरचाच हिशेब धरला, तर एवढ्या प्रवासांत बाराशें गॅलन पाणी आणि बाराशें पौंड, म्हणजे साडेपांचशें किलो, कोळसा वांचला असता. हा आंकडा जसाच्या तसा आपल्याकडे लागू पडणार नाहीं. आपला कोळसा अधिक राखेचा, आपल्या गाड्यांचें वजन निराळें. तरी फरक कोणत्या प्रमाणाचा होता तें यावरून कळतें.

आणि वऱ्हाडांत पाण्याचा प्रश्न हा पुस्तकी प्रश्न नव्हे. जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग १८६७ सालीं वऱ्हाडांतून नागपुरास पोंचला. तो अकोल्यावरून जातो. त्या मार्गानें येथला कापूस मुंबईस जाऊं लागला. पण पूर्णेच्या खोऱ्यांतील मोठा पट्टा खारपाणाचा आहे, हें अकोला, अमरावती व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतील घरोघरच्या बायांना विहिरीवरच कळतें. खारें व जड पाणी जसें डाळीला चालत नाहीं, तसें तें बॉयलरलाही चालत नाहीं. आटतां आटतां त्याचे क्षार मागें राहतात; नळ्यांवर पुटें बसतात; पाणी फेंसाळतें आणि फेंसाबरोबर वाफेंत शिरतें. अतितप्त वाफेच्या एंजिनांत तर तें तापविण्याच्या बारीक नळ्यांत जाऊन आटतें व त्या चोंदतात. तेव्हां या रचनेनें पाणी कमी लागलें, पण जें लागलें तें चांगलें हवें असाही तिचा हट्ट होता. नवी सोय बहुधा नवी शिस्तही मागते; संसारांत काय नि यंत्रांत काय, हें सारखेंच.

हिंदुस्थानांतील रेल्वेंवर ही सुधारणा कशी पसरली, तें एंजिनांच्या नांवांवरूनच वाचतां येतें. १९०३ पासून येथल्या रेल्वेंसाठीं ठराविक नमुन्याचीं एंजिनें ठरविण्यांत आलीं. पुढें त्यांत अतितप्त वाफ आली तेव्हां नांवाच्या शेवटीं इंग्रजी ‘एस’ हें अक्षर जोडलें गेलें. ‘एस-जी-एस’ म्हणजे ठराविक नमुन्याचें, मालगाडीचें, अतितप्त वाफेचें; ‘एस-पी-एस’ म्हणजे तसेंच प्रवासी गाडीचें. जीं आधीं साध्या वाफेचीं होतीं व मागाहून बदललीं, त्यांना शेवटीं ‘सी’ हें अक्षर मिळालें. फाळणीनंतर पाकिस्तानांत राहिलेलीं कांहीं ‘एस-पी-एस’ एंजिनें १९९० नंतरही गाड्या ओढीत होतीं. १९४७ पासून आलेलीं गोल तोंडाचीं ‘डब्ल्यू-पी’ एंजिनें व त्यांच्या जोडीचीं मालगाडीचीं ‘डब्ल्यू-जी’ हीं सारीं अतितप्त वाफेचींच. चित्तरंजनच्या कारखान्यांतून मोठ्या रुळांचें शेवटचें वाफेचें एंजिन १९७० सालीं बाहेर पडलें. त्याचें नांव ‘अंतिम सितारा’. वऱ्हाडांत मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणाऱ्या लहान रुळांच्या शकुंतला गाडीवर मँचेस्टरचें १९२१ सालचें एंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाललें. बाईंच्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं त्याची शिटी ऐकलेली असेल. आज अकोल्यावरून जाणाऱ्या गाड्या विजेवर धांवतात आणि श्मिटची नळी वस्तुसंग्रहालयाची धनी झाली आहे. परंतु अतितप्त वाफ मात्र गेलेली नाहीं. पारसच्या औष्णिक केंद्रांत, जें अकोला जिल्ह्यांतच आहे, आजही कोळशावर पाण्याची वाफ होते, ती पुन्हां तापविली जाते आणि मगच चक्राकडे जाते. ज्या दिव्याखालीं चिरंजिवांनीं आकृति काढली, त्याच्या मागेंही वाफेची दुसरी आंच आहेच.

या सर्व हिशेबांत एक माणूस राहून जातो, त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. वैशाखांत अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत उघड्या अग्निपेटीसमोर उभें राहून फावड्यानें कोळसा टाकणारा फायरमन, हा तो माणूस. मैलास चौदा पौंड कोळसा वांचला, तर तेवढा त्याच्या दंडावरचा भार कमी झाला. अर्थात् रेल्वेनें पुष्कळदां त्या वांचलेल्या शक्तीचा उपयोग अधिक डबे जोडण्यासाठीं केला, आणि फायरमनचें फावडें पूर्ववत् चालू राहिलें, हेंही खरें. यंत्रानें वांचविलेलें श्रम कोणाच्या पदरीं पडावयाचे, तें यंत्र ठरवीत नाहीं. तें माणसांनीं ठरवावयाचें असतें.

आतां बाईंचा दुसरा प्रश्न.

वरील हकीकतींत दोन माणसें आहेत. एकाचे हात लोखंडावर तयार झालेले. दुसरा कचेरींत बसून नकाशे तपासणारा, अधिकाराचा. त्यांच्या मागें हिर्नसारखा तिसरा, मापें घेणारा शास्त्रज्ञ. हिर्नचे सिद्धान्त होते तोंवर एंजिन झालें नाहीं, आणि गार्बेनें दार उघडलें नसतें तर श्मिटची वाफ गिरण्यांतच राहिली असती. पण सांधा कोठें गळतो, तेल कां जळतें, झडप कशानें घासते, हें ज्यास हातानें कळतें असा मनुष्य त्यांच्यांत नसता, तर तें १८९८ सालचें एंजिन पहिल्याच अपयशांत शेडमध्यें गंजत पडलें असतें. आपल्या समाजांत ज्ञान एका आळींत आणि हात दुसऱ्या आळींत, असें फार दिवस चाललें. आम्हीं पाठांतर केलें, सिद्धान्त सांगितले, आणि कानस ज्यांच्या हातांत होती त्यांना आमच्या ओटीवर बसूं दिलें नाहीं. त्याचें नुकसान दोघांचेंही झालें. आजोबांच्या मौनांत या जुन्या संवयीचा कांहीं अंश असेल, तर तो त्यांनीं स्वतःच तपासून पाहावा, अशी आमची त्यांस नम्र विनंति आहे.

परंतु आजोबांची सगळीच चिंता आम्ही खोटी मानीत नाहीं. नातवाचें पोट भरेल काय, त्याला मान मिळेल काय, पुढें शिकावेंसें वाटलें तर वाट बंद तर होणार नाहीं ना, या गोष्टी वडिलांनीं विचारावयाच्याच असतात. शेवटल्या शंकेपुरतें सांगतां येतें कीं, वाट बंद होत नाहीं. औद्योगिक प्रशिक्षण पुरें केल्यावर तंत्रनिकेतनाच्या पदविकेस जाण्याची सोय आहे, आणि पदविकेनंतर पदवीचीही. बाकीच्याबद्दल आम्ही हमी देऊं शकत नाहीं. प्रत्येक फिटर श्मिट होत नाहीं, जसा प्रत्येक वकील न्यायमूर्ति होत नाहीं. श्मिटची गोष्ट यासाठीं सांगितली नाहीं कीं, मुलगा मोठा संशोधक होईल अशा आशेवर त्याला जाऊं द्यावें. तो नुसता चांगला फिटर झाला, त्याचा सांधा गळला नाहीं आणि त्यानें कानसलेली कड सरळ आली, तरी घराण्याची अब्रू राहिली असें आम्ही समजूं.

तेव्हां निर्णय घेण्यापूर्वीं एवढेंच करावें. येत्या चतुर्थीस मोदकपात्र उतरवितांना चिरंजिवांस स्वयंपाकघरांत बोलवावें, आणि आजोबांचा पाटही जवळच मांडावा. झांकण उचलून आंतलें पाणी मुलानें आजोबांना दाखवावें, आणि तें तेथें कां आलें व एंजिनांत तें येऊं नये म्हणून काय केलें, तें स्वतःच्या शब्दांत समजावून सांगावें. आजोबा वकील असोत वा मास्तर, उलटतपासणी त्यांना चांगली येत असेल. त्यांनीं ती अवश्य घ्यावी. मुलगा तींतून उतरला, कीं मग फिटरकीचा विषय काढावा.

काय ठरलें, तें बाईंनीं आम्हांस कळवावें. मोदक आम्हांस पोंचणार नाहींत; पत्र पोंचेल.